दोन तारांची गल्ली

सुगी संपली, गिरणीपुढं डब्यांची रांग लागली आणि नेमकं तेव्हाच इंजिन हटून बसलं.

ताई हँडल मारायची. चाक घरघरायचं, काळ्या धुराचा एक भपकारा टाकायचं आणि थांबायचं. पुन्हा हँडल. उजव्या खांद्यात आत कुठंतरी सुई टोचल्यासारखं व्हायचं, पण तिकडं ती लक्ष द्यायची नाही. बाहेर कोरडा वारा सुटलेला. सावली सरकेल तशा बायका भिंतीलगत सरकत होत्या.

"ताई, होणारे का आज दळण, का जाऊ घरी?"

"घरी जाऊन काय करशील? दातांनी दळशील?"

बायका हसल्या. ताईनं पदरानं हँडल पुसलं, पाय रोवले आणि सगळं अंग टाकून फिरवलं. इंजिन ठसकलं, धडधडलं आणि एकदाचं लागलं. पट्टा थरथरला, दगड फिरायला लागला आणि तिला खोकल्याची उबळ आली. भिंतीला हात टेकून ती उबळ जाईपर्यंत उभी राहिली. दाजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं घोट घेतला आणि पहिला डबा ओढला.

गावची लेक म्हणून ती सगळ्यांची ताई. लग्न झालं तरी बापाची गिरणी सोडून गेली नाही, नवराच इथं राहायला आला. म्हणून तो सगळ्या गावाचा दाजी. शेंबडी पोरंसुद्धा त्यांना दाजीच म्हणायची. सुरुवातीला इंजिन दाजी चालवत. एकदा पट्टा चढवताना उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि हँडल ताईच्या हातात आलं, ते आलंच. दाजी डबे ओळीनं लावायचे, वजन करायचे. परका कुणी आला आणि विचारलं, "गिरणी तुमची का?", तर ताईकडं मान करून म्हणायचे, "हिची. मी आपला डबे मोजणारा." हे ते हसून म्हणत, आणि लोकही हसत.

गावात वीज नव्हती. हमरस्त्याच्या कडेनं मोठी लाइन गेलेली, तिची नुसती गुणगुण वाऱ्याबरोबर यायची. त्या उन्हाळ्यात बातमी आली की गावाला लाइन मंजूर झाली, आणि आराखडा करायला येणारा साहेब म्हणजे आपल्या ताईचा धाकटा भाऊ.

त्याला सगळे धाकटाच म्हणत. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला पाठीशी बांधून ताईनं गिरणी झाडली होती, त्याच्या केसात कायम पीठ असायचं म्हणून शाळेत त्याला म्हातारबा म्हणत. आता तो तालुक्याच्या कचेरीत होता. लाइन कुठून न्यायची, खांब कुठं रोवायचे, डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, कुठं बसवायचा, कुठल्या गल्लीला किती तारा, हे सगळं मोजून कागदावर मांडायचं, ते त्याचं काम.

जीप त्याला सोडून गेली. त्यानं बूट काढले, ओट्यावरच्या पिठात बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, अजून इंजिनच?"

"तुझीच वाट बघत होतं ते," ताई म्हणाली. "आता मोटर बसवायची."

दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. फीत धरायला कचेरीचा माणूस मिळाला नाही म्हणून ताईच निघाली. दुपारपर्यंत गिरणी चालवायची आणि मग फितीचं टोक हातात घेऊन धाकट्याच्या पुढं चालायचं. तो मागून ओरडायचा, "ताण. अजून ताण. हां." ती टोक जमिनीला टेकवायची, खुंटी ठोकायची, वर चुन्याची चिमूट टाकायची. वळण आलं की तो थांबायचा. वळणावरच्या खांबाला तारा एका बाजूला ओढतात, त्याला उलट्या बाजूनं ताण द्यायला जागा पाहिजे. ती जागा नेमकी कुणाच्या तरी अंगणात यायची.

घरोघरी लोड विचारायचा होता. पहिल्याच दारात आजोबा बसलेले.

"आजोबा, किती दिवे लागतील?"

"एक लिही."

आतून सून म्हणाली, "तीन. आणि एक पंखा."

"पंखा कशाला? वारा काय कमी आहे?"

"वारा तुमच्याकडं बाहेर आहे, मामंजी. चूल आत आहे."

धाकट्यानं मुकाट्यानं हिशेबात पंखा धरला.

न्हाव्याला खांब दुकानासमोरच पाहिजे होता, शिंप्याला समोर अजिबात नको होता. दुफाट्यावर, जिथं एक वाट वरच्या गल्लीला जाते आणि एक खालच्या, तिथं किराणावाल्याचं दुकान. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला योग्य वाटेल तसं," आणि दोघांना सरबत दिलं. त्याच्या शेजारी एकटी म्हातारी राहायची. तिच्या अंगणात ताणाची तार येणार म्हटल्यावर ती खुंटीवरच बसली.

"माझ्या छातीवर रोवा खांब."

ताई तिच्याशेजारी मातीत बसली. "काकू, ही जागा नाही दिलीस तर लाइन वर चढत नाही. वर माझी गिरणी आहे. माझ्या शब्दावर दे."

"तुझ्या शब्दावर?"

"माझ्या."

म्हातारी खूप वेळ जागची हलली नाही. मग उठून पदर झटकत म्हणाली, "घाला बाबा. हिच्या बापानं दुष्काळात मला फुकट दळून दिलं होतं."

अशी आणखी चार-दोन अंगणं ताईनं आपल्या शब्दावर मिळवली. धाकटा म्हणाला, "मी आलो असतो तर वर्षभर भांडत बसलो असतो." तिला ते गोड लागलं.

संध्याकाळी ओट्यावरच्या पिठात बोटानं गाव काढून तो तिला समजवायचा. "हा रस्ता. ही मोठी लाइन. इथून ती डीपीपर्यंत येणार, आणि डीपीतून गल्ल्यांना. आता डीपी कुठं ठेवायचा? जिथं ओझं जास्त, त्याच्या जवळ. वरच्या अंगाला सगळ्यात मोठं ओझं तुझ्या मोटरचं. लांबून आणलं तर पोचेस्तोवर दम जातो. मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि मग जळते."

"मग जवळ ठेव की."

"ठेवतो. वरच्या हौदाजवळ. तिथून तुझ्या दारापर्यंत चार तारा."

दाजी उंबऱ्यात बसून ऐकत होते. ताईला तेवढ्यात उबळ आली आणि ती आत गेली. परत आली तेव्हा पिठातलं गाव पुसलं गेलं होतं आणि दोघंही ओढ्याकडं फिरायला निघून गेले होते. तिला बरं वाटलं. मेहुण्या-मेहुण्यांचं एरवी फारसं बोलणं नसायचं.

धाकटा आणखी राहणार होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाला की वरच्या साहेबांनी बोलावलंय. जेवला नाही. बुटाची नाडी बांधताना खाली मान घालून म्हणाला, "ताई, तू जरा दवाखान्यात जाऊन ये."

"मोटर बसली की जाते. मग हँडलचा जाच नाही."

त्यानं नाडीची गाठ ओढली. तिनं जीपमध्ये त्याच्या मांडीवर डबा ठेवला.

पुढच्या महिन्यात इंजिनानं अगदीच जीव टाकला. दुरुस्तीवाल्यानं उघडलं, बघितलं, मोठा खर्च सांगितला आणि परत झाकण लावलं. खाणीवरचा एकजण ते आहे तसं विकत न्यायला तयार होता. तेवढ्यात मोटरचाही जोग जुळून आला. तालुक्यात एक जुनी गिरणी मोडत होती. तिथली मोटर, चांगली दणकट.

रात्रीच्या जेवणाला ताईनं विचारलं, "काय करू? खर्च करून दुरुस्त करावं, का देऊन टाकावं इंजिन?"

दाजी ताटात बोट फिरवत राहिले. "तुझी गिरणी," ते म्हणाले. "तू ठरव."

तिनं ठरवलं. खाणीवरची गाडी आली. चौघांनी इंजिन फळीवरून वर सरकवलं, ते मध्येच अडलं. दाजी पुढं झाले, अधू हाताचा तळवा लोखंडाला लावला आणि ढकललं. इंजिन चढलं. गेलं तिथं जमिनीवर तेलाचा काळा चौकोन राहिला. त्याच्यावर मोटर बसवून ताईनं पोत्यानं झाकली. दगड उचलून त्याला नव्यानं टाकी मारली. छिन्नीच्या प्रत्येक ठोक्याला दगडाची कपची उडायची, एक गालाला लागून रक्त आलं. दळण घेऊन आलेल्या बायांना ती सांगायची, "थोडे दिवस शेजारच्या गावाला जा गं. लाइन आली की तुमच्या डब्याला आधी हात घालते."

ठेकेदाराची माणसं आली. डीपीचा चौथरा वरच्या हौदाजवळ न होता दुफाट्याच्या खाली व्हायला लागला. ताईनं मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "नकाशात इथंच आहे, बाई." तिनं किराणावाल्याच्या फोनवरून धाकट्याला फोन लावला. "बघतो," तो म्हणाला, "माणसं बसलीत, नंतर बोलू." तिला वाटलं, त्याचं त्याला कळतं. जरा लांब झाला, एवढंच.

खांब उभे राहिले. म्हातारीच्या अंगणात ताणाची तार रोवली गेली तेव्हा ताई जाऊन तिच्याशेजारी उभी राहिली.

तारा ओढायचा दिवस आला. डीपीपासून दुफाट्यापर्यंत चार तारा आल्या. सगळी पोरं मान वर करून बघत होती. दुफाट्याच्या खांबावर लाइनमन बराच वेळ बांधाबांध करत होता. मग तिथून वरच्या गल्लीकडं तारा निघाल्या.

दोन.

ताई खांबाखाली गेली. "बाकीच्या उद्या का?"

"कुठल्या बाकीच्या?" लाइनमन वरून म्हणाला.

"वरच्या गल्लीच्या. दोनच आल्यात."

"दोनच आहेत. दिव्यापंख्याला दोन पुरतात."

"आणि मोटरला?"

"मोटरला चार लागतात. पण वर मोटर कुठंय? माझ्याकडं वर नुसती घरं आहेत."

तो खाली उतरल्यावर ती त्याला घेऊन गेली आणि पोतं बाजूला केलं. लाइनमननं मोटर बघितली, टाकी मारून ठेवलेला दगड बघितला. कमरेचा पट्टा नीट करत म्हणाला, "दोन तारांवर ही नाही फिरायची, ताई. तुम्ही साहेबांना भेटा. चांगले आहेत साहेब."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मीच वाढवलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती तालुक्याला गेली. कचेरीच्या बाकावर बसली. शिपायानं विचारलं, "काय काम?"

"साहेब माझा भाऊ आहे."

"इथं आलेल्या सगळ्यांचेच ते भाऊ असतात," शिपाई म्हणाला, "बसा."

ती बसली. तिच्या आधी आलेले गेले, नंतर आलेलेही गेले. शेवटी धाकटा कुणाला तरी पोचवायला दारापर्यंत आला आणि त्याला ती दिसली. तो बाजूला झाला. ती आत गेली.

भिंतीला नकाशे टांगलेले. टेबलावर काच, काचेखाली कुणाकुणाचे नंबर. त्यानं चहा सांगितला.

"चहा नको. दोन तारा कशा?"

तो पेनचं टोपण काढत-घालत राहिला.

"चुकून झालं ना?" ती म्हणाली. "खालच्या कुणाची चूक असेल तर सांग, मी काही नोकरी घालवत नाही कुणाची."

"चूक नाही, ताई."

"मग?"

"दाजी म्हणाले."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. "काय म्हणाले?"

"हिशेबात मोटर धरू नको म्हणाले. म्हणाले, हिचा खोकला बघतोस ना. मोटर आली तर ही दिवसरात्र दळत बसेल आणि पिठातच मरेल. आपण सांगून ही थांबायची नाही. लाइनच आली नाही तर कुणाला दोष देणार नाही, आपसूक थांबेल." तो एका दमात बोलला आणि मग हळूच म्हणाला, "मला पटलं. तू रात्री खोकत होतीस ते मी ऐकत होतो."

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आणखी काय?" ती म्हणाली. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच विचारायची.

त्यानं टोपण खाली ठेवलं. "आराखडा दोनदा परत आला होता. वरच्या गल्लीला जाड तार, वर हौदाजवळ मोठा डीपी, तिथपर्यंत मोठी लाइन. वरचे साहेब म्हणत होते, कमी कर. कुठं कमी करावं सुचत नव्हतं. दाजी बोलले तेव्हा..." तो थांबला. "तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तुझी मोटर काढली की सगळं बसत होतं."

"मी इंजिन विकलं ते तुला ठाऊक होतं?"

"नाही. देवाशपथ नाही. तुझा फोन आला त्याच्यानंतर कळलं."

"दाजींना ठाऊक होतं."

त्यानं टोपण पुन्हा उचललं.

"आता घाल दोन तारा आणखी."

"खांब दोनच तारांच्या हिशेबाचे आहेत. डीपीच लहान घेतलाय, ताई. आता वरपर्यंत ते ओझं नाही पेलायचं. पुढच्या टप्प्यात मी..."

"मी लोकांची अंगणं दिली तुला," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि उठली. शिपाई चहा घेऊन दारात उभा होता. त्याला वाट करून देऊन ती बाहेर पडली.

घरी पोचली तेव्हा दाजी अंगणात खाट विणत होते. तिला बघून त्यांनी दोर खाली ठेवला. तिचा चेहरा बघून सगळं उमगलं असावं, कारण काही विचारलं नाही.

ती ओट्यावर बसली. पायातली चप्पल काढायचंही तिला सुचलं नाही.

"इंजिन अडलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही हात लावलात म्हणून चढलं."

दाजी खाली बघत होते.

"त्या दिवशी तरी बोलायचं. जेवताना विचारलं होतं मी."

"बोलणार होतो."

"मग?"

"बोललो असतो तर इंजिन राहिलं असतं." त्यांनी मान वर केली. "मला वाटलं, संपेल एकदाचं. तू घरात बसशील. दिवा येईल, पंखा येईल. दोघं बसू. मला तुझं असं काळंनिळं होऊन खोकणं बघवत नाही गं."

"एवढंच?"

त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला. मग कुणी ऐकेल असं वाटून आवाज खाली घेतला. "जन्म गेला तुझ्या गिरणीत डबे मोजण्यात. सासऱ्याचं घर, बायकोची गिरणी. लोक हसतात, मी पण हसतो. आता नुसतं घर असतं. घरात मी नवरा असतो."

ताईला वाटलं होतं की आपण ओरडू. पण तसं काही झालं नाही. ती उठली, आत गेली आणि दाजींचं ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवलं. स्वतःचं ताट घेऊन ती गिरणीत गेली आणि झाकलेल्या मोटरशेजारी बसून जेवली. त्या दिवसापासून ती तिथंच जेवायला लागली.

आठवडाभरात किराणावाला आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात.

"ताई, मी काही मागितलं नव्हतं. चार तारा माझ्या दारात येऊन थांबल्या. आता दुसऱ्या कुणी गिरणी टाकण्याआधी मी टाकतो म्हणतो. तुझी मोटर, दगड पडून आहेत, ते मी विकत घेतो."

"जागा भाड्यानं दे. गिरणी माझी मी चालवते."

त्यानं टोपी फिरवली. "भाड्यानं कशाला देऊ? जागा माझी, लाइन माझ्या नावावर. पण दगडातलं मला ओ की ठो कळत नाही. तू ये चालवायला. रोज धर."

रोजाचं नाव निघाल्यावर दाजी आतून बाहेर आले. "ही कुणाच्या दारात रोजानं जाणार नाही," ते म्हणाले.

ताईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "दगडाला टाकी मीच मारणार," ती किराणावाल्याला म्हणाली. "माझ्या छिन्नीला कुणी हात लावायचा नाही."

"कोण लावतंय?"

मोटर गेली, दगड गेले, वजनाचा काटा गेला. दाजी उंबऱ्यात उभे होते. ह्या वेळी त्यांनी हात लावला नाही.

गावात लाइन सुरू झाली त्या दिवशी म्हातारीनं ताईला अंगणातून हाक मारली. ताणाच्या तारेवर तिनं धुणं वाळत घातलं होतं. "तुझ्या शब्दावर दिली होती जागा," ती म्हणाली.

"चुकलं, काकू."

"तुझं काय चुकलं?" म्हातारी म्हणाली आणि ओलं लुगडं पिळायला लागली. ताईला त्या बोलण्यानं बरं वाटायच्या ऐवजी डोळ्यांत पाणी आलं. तारेखालून वाकून ती दुकानाकडं गेली.

किराणावाल्यानं बटण दाबलं. मोटर गुरगुरली आणि सरळ फिरायला लागली. ना हँडल, ना धूर. पहिलं पीठ पडलं तसं ताईनं ते तळहातावर घेतलं. फार गरम होतं. तिनं दगड जरासा सैल केला, पुन्हा पीठ घेतलं, बोटांत चोळलं आणि मान हलवली. मग खोकली. बंद खोलीत पीठ जास्तच उडत होतं. इथं तिच्या घरच्यासारखी समोरासमोर खिडकी नव्हती.

चार दिवसांनी धाकटा आला. लाइन तपासायला आलेला, बरोबर हाताखालची दोन माणसं. दुकानापुढं जीप थांबली. तो गिरणीच्या दारात उभा राहिला. ताईच्या केसांवर, भुवयांवर पीठ होतं.

"ताई," तो म्हणाला.

ती डब्यात पीठ दाबत होती. "या साहेब. तुम्हाला कोणाला भेटायचंय? मालक पुढं दुकानात आहेत."

हाताखालची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. धाकट्याच्या मानेवरची शीर हलली. जन्मात तिनं त्याला तुम्ही म्हटलं नव्हतं.

"ताई, मला शिव्या दे. पण असं बोलू नको."

"तुमची माणसं उन्हात उभी आहेत," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

तो आणखी थोडा वेळ थांबला. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि मोटरच्या आवाजात बुडून गेला.

घरी दिवा होता, पंखाही आला होता. दाजी दिवसभर पंख्याखाली खाटेवर बसायचे. येणारं-जाणारं कुणी नसायचं, कारण डबे घेऊन लोक आता त्या गल्लीत चढतच नव्हते. ताई सकाळी जायची आणि दिवेलागणीला यायची. घरचं दळण ती कामावर जाताना नेत नसे. घरातलं पीठ संपत आलं, तळाला लागलं आणि एके दिवशी ताट समोर आलं ते नुसत्या भाजीचं.  दाजींनी ते तसंच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रांगेत बायकांच्या मागं दाजी उभे होते, खांद्यावर डबा.

बायका सरकल्या. "दाजी, पुढं व्हा की. तुम्हाला कसली रांग?"

"असू दे," दाजी म्हणाले. तिथंच भिंतीच्या सावलीत उभे राहिले आणि रांग सरकेल तसे सरकत राहिले.

त्यांचा नंबर आला. ताईनं डबा घेतला, धान्य वर ओतलं, पीठ तळहातावर घेऊन बघितलं, इतर सगळ्यांचं बघायची तसंच. डबा भरला, काट्यावर ठेवला. किराणावाला दारात आला होता. त्यानं दाजींकडं बघितलं, मग ताईकडं, आणि संकोचून विचारलं, "ताई, दाजींकडून काय घ्यायचं?"

"सगळ्यांकडून घेतो तेच," ती म्हणाली आणि पुढचा डबा ओढला.